निळं चाक

“चाक पण काढू का?” परकारनं शिडीवरून विचारलं.

मी घड्याळात पाहिलं. पावणेपाच वाजले होते. ऑफिसची जीप त्या दिवशी दुसऱ्या साहेबांकडे होती, आणि साडेपाचची एस.टी. चुकली असती तर पुढची साडेआठला होती.

“राहू दे,” मी म्हणाले. “पाइप तुटला म्हणजे झालं.”

परकार हा तिथल्या औद्योगिक वसाहतीतला वेल्डर. शेडच्या मागच्या भिंतीतून बाहेर आलेला लोखंडी पाण्याचा पाइप त्यानं नुकताच कापला होता. शिडीच्या पायाशी चिनीमातीच्या जाड नळांचे तुकडे पडले होते आणि त्यांतून सांडलेल्या लाल कौलांच्या खापऱ्या. शिवराम गोताड त्या खापऱ्या घमेल्यात भरत होता. कारखान्याचे मालक, बिवलकर मास्तर, हात मागं बांधून उभे होते आणि माझ्याकडे न बघता त्या ढिगाकडे बघत होते.

चाक भिंतीच्या आतल्या बाजूला होतं. ताटाएवढं, छातीच्या उंचीवर, निळ्या ऑइलपेंटनं रंगवलेलं. दसऱ्याला शिवरामनं त्याला घातलेली झेंडूची माळ डिसेंबरपर्यंत तशीच होती, वाळून काळपट झालेली. मी आत गेले, बाहेर आले, आणि ऑफिसच्या कॅमेऱ्यानं तीन फोटो काढले. दोन बाहेरच्या ढिगाचे आणि एक आतल्या भिंतीचा. मग तपासणीच्या नमुन्यात ‘यादीतील यंत्रणा बसवली आहे काय’ यापुढे ‘होय’वर खूण केली, ‘जुनी यंत्रणा काढली आहे काय’ यापुढेही ‘होय’वर खूण केली, आणि मास्तरांची सही घेतली.

त्या खुणा करताना मला बरं वाटलं होतं. ते लपवण्यात अर्थ नाही.

मी कुंदा देशभ्रतार. प्रदूषणाची तपासणी करणाऱ्या खात्यात मी बत्तीस वर्षं काढली, आणि हे घडलं तेव्हा मला नोकरीत लागून चारच वर्षं झाली होती. नागपूरची मुलगी, कोकणात पहिलीच बदली, आणि त्या विभागात क्षेत्रावर फिरणारी एकटी बाई. माझ्या आधी तिथं निमकर नावाचे अधिकारी होते. ज्या कारखान्यात नियमाचं यंत्र नसे, तिथं ते ‘पर्यायी व्यवस्था समाधानकारक’ असा शेरा मारत, आणि त्या शेऱ्याचा दर वसाहतीतल्या चहावाल्यालासुद्धा पाठ होता. ते निलंबित झाले आणि त्यांच्या खुर्चीत मी आले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमच्या वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “मॅडम, ‘पर्यायी’ हा शब्द मला तुमच्या कागदावर दिसता कामा नये.”

मला ते पटलंच होतं. त्याच वर्षी नवी यादी आली होती. कुठल्या धंद्यात कुठली वाफ निघते, आणि तिच्यासाठी कुठलं यंत्र बसवायचं, ते ओळीनं लिहिलेलं. ॲसिडच्या वाफेपुढं लिहिलं होतं: प्लास्टिकचा मनोरा, फिरत्या पाण्याचा पंप, ओढणारा पंखा, कॉस्टिक सोड्याची टाकी. यंत्र यादीत असेल तर होय, नसेल तर नाही. कुणाचा चहा प्यावा, कुणाचा पिऊ नये, असले प्रश्नच उरत नाहीत. मी तरुण होते, प्रामाणिक होते, आणि आपण प्रामाणिक आहोत हे जगाला दिसावं याची मला फार हौस होती.

बिवलकर मास्तरांचा कारखाना वसाहतीच्या अगदी टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी होता. बारा माणसं, एक शेड, एक मोठं रिॲक्टर. त्याला सगळे ‘भांडं’ म्हणत. कापडाच्या रंगात लागणारी एक पिवळी पूड तिथं तयार व्हायची, आणि ती होताना भांड्यातून ॲसिडची वाफ निघायची. मास्तर पूर्वी हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवत. नोकरी सोडून त्यांनी कारखाना काढला, पण मास्तरकी सुटली नव्हती. कामगारांना ते पगाराच्या दिवशी आधी सही गिरवायला लावत आणि मग पाकीट देत. अंगठा चालायचा नाही.

वाफेसाठी त्यांनी स्वतःच एक मनोरा रचला होता. सांडपाण्याचे चिनीमातीचे नळ एकावर एक चढवलेले, आत कौलांच्या खापऱ्या भरलेल्या. डोंगरउतारावर झऱ्याच्या पाण्याची सिमेंटची टाकी. भिंतीतलं निळं चाक फिरवलं की तिचं पाणी आपोआप खाली यायचं, मनोऱ्यातून पडायचं आणि पडताना वाफ ओढून घ्यायचं. खाली शिंपल्यांच्या चुन्याचा खड्डा होता, त्यात त्या पाण्यातलं ॲसिड मरायचं. त्याला पंप नव्हता की पंखा नव्हता. वसाहतीत त्याला ‘मास्तरांचा धबधबा’ म्हणून हसत.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा धबधब्याच्या तोंडाशी नळी लावून मोजमाप घेतलं. मर्यादा पस्तीसची होती. आकडा आला नऊ. मला वाटलं, माझंच काही चुकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आकडा आला आठ.

“किती आला?” मास्तरांनी परीक्षेचा निकाल विचारावा तसं विचारलं.

“आकडा चांगला आहे,” मी म्हणाले. “पण हे यादीत बसत नाही.”

“यादी कशासाठी केली आहे, मॅडम? हवा स्वच्छ राहावी म्हणूनच ना?”

“हो.”

“मग हवेला विचारा की.”

मला हसू आलं होतं. पण हसले तर निमकर होऊ, या धास्तीनं मी हसले नाही. “तीन महिन्यांत यादीतलं यंत्र बसवा,” मी म्हणाले, “नाहीतर पुढची संमती मिळणार नाही.” संमती म्हणजे कारखाना चालवण्याचा आमच्या खात्याचा परवाना. तो नसेल तर भांडं थंड.

मास्तरांनी यंत्र बसवलं. एवढ्याशा कारखान्याला ते नाकापेक्षा मोती जड होतं, पण बसवलं. पांढरंशुभ्र, यादीत लिहिल्याप्रमाणे तंतोतंत. डिसेंबरात मी अखेरची तपासणी करायला गेले तेव्हा ते गुणगुणत चाललं होतं. मी मोजमाप घेतलं. आकडा आला सव्वीस. मर्यादेच्या आत होता, तेव्हा बोलायचं कारण नव्हतं. मास्तरांनी वहीतला आकडा वाकून बघितला.

मग मी मागच्या बाजूला गेले, आणि धबधबा जागच्या जागी उभा होता.

“हे काढलं नाही?”

“नाही काढलं. त्याबद्दलच बोलायचं होतं.” मास्तर मला त्यांच्या खोलीत घेऊन गेले. खोली म्हणजे शेडच्या कोपऱ्यातली लाकडी चौकट, तीत एक टेबल. “शिवराम, अरे, टेबलावरचा तो कागद आण बघू.”

शिवराम पन्नाशीचा होता. भांड्यावर अकरा वर्षं काम केलेला. त्यानं हात विजारीला पुसले, कागद दोन बोटांत धरून आणला, आणि मास्तरांऐवजी माझ्याच हातात दिला.

तो मास्तरांच्या मोत्यासारख्या अक्षरातला अर्ज होता. नवीन यंत्र विजेवर चालतं. वीज गेली की पंप आणि पंखा दोन्ही बंद पडतात, पण भांड्यातली क्रिया बंद पडत नाही, उलट गार करणारं पाणी थांबल्यामुळं वाढते. तरी जनरेटर येईपर्यंत, म्हणजे जूनअखेरपर्यंत, जुना मनोरा जोडलेला ठेवण्याची परवानगी मिळावी. त्यास वीज लागत नाही.

मी तो दोनदा वाचला. त्यात चुकीचं काही नव्हतं. मी शास्त्राची पदवीधर आहे, मला कळत होतं.

“मास्तर, भांड्याला दोन वाटा ठेवता येत नाहीत,” मी म्हणाले. “दुसरी वाट म्हणजे बायपास. उद्या कुणीही यंत्र बंद ठेवेल आणि चोरवाटेनं वाफ सोडेल.”

“चोरवाटेवर कुणी चुन्याचा खड्डा बांधत नाही हो. ही काठी आहे. पाय मुरगळला तर टेकायला.”

“काठी यादीत नाही.”

“म्हणून तर अर्ज केलाय.”

शिवराम दाराशीच उभा होता. तो म्हणाला, “म्याडम, हितं लाईट कवा पन जाते. लाईट ग्येली की मी चाक पुरां फिरवतंय. अकरा वर्सां त्यांच करतंय. कायेक होत न्हाय.”

आता मी जे केलं ते नीट सांगते. त्या कागदावर मी आवक शिक्का मारला असता तर त्याला क्रमांक पडला असता. क्रमांक पडला की तो वर पाठवावा लागला असता, आणि वर पाठवताना त्याच्यासोबत माझं मत जोडावं लागलं असतं. मत दोनच प्रकारचं होऊ शकलं असतं. ‘परवानगी द्यावी’ लिहिलं, तर पर्यायी व्यवस्थेची शिफारस करणारी मी दुसरी निमकर. ‘देऊ नये’ लिहिलं, तर ते खोटं होतं, आणि त्याखाली माझी सही राहिली असती. मला दोन्ही नको होतं.

“मास्तर, तुमच्या भल्यासाठी सांगते,” मी म्हणाले. “हा अर्ज मी घेतला तर फाइल वर जाईल. वरून उत्तर यायला सहा महिने. तोवर तुमची संमती अडकेल. कशाला हात दाखवून अवलक्षण? परत घ्या. जुनं आजच काढा, मी आहे तोवर. आजच संमतीची शिफारस करते.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. बारा माणसांचा हिशेब त्यांच्या तोंडावर दिसत होता. “आणि जनरेटर येईपर्यंत?”

“काळजीनं चालवा.”

मी अर्ज टेबलावर ठेवला. त्यांनी त्याची घडी घातली आणि खिशात टाकला. मग त्यांनी शिवरामला परकारकडे पिटाळलं.

नळ फोडताना शिवराम एकदाच बोलला. “म्याडम, चांगलां व्हतां ओ ह्यां,” तो म्हणाला आणि खाली वाकून खापऱ्या भरू लागला.

मला साडेपाचची एस.टी. मिळाली. खिडकीची जागासुद्धा मिळाली.

फेब्रुवारीच्या अठरा तारखेला, दुपारी सव्वातीनला, ऑफिसात फोन आला. वसाहतीच्या चौकीवरून कुणीतरी बोलत होतं. मास्तरांकडे वाफ सुटली. वसाहतीची वीज दुपारी अडीचला गेली होती. ठरलेल्या कपातीच्या दिवशी मास्तर भांडं लावतच नसत, पण ही कपात नव्हती, कुठंतरी तार तुटली होती. भांड्यात निम्मा माल झालेला होता.

मी पोचले तेव्हा साडेचार झाले होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसा अग्निशमन दलाचा बंब वसाहतीच्या भलत्याच टोकाला वाट विचारत फिरत होता. वाफ एव्हाना विरली होती. शेडमागच्या काजूंची पानं मात्र कडेनं तांबडी झाली होती, आणि नाकात पहिला श्वास गेला तसा माझ्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. कामगार रस्त्यापलीकडे बसले होते, ओली फडकी तोंडावर धरून. मी मोजले. अकरा होते.

“शिवराम?” मी विचारलं.

मास्तर एका दगडावर बसले होते. त्यांचा आवाज घोगरा झाला होता. “त्याला जीपनं पाठवलंय. सिव्हिलला.”

“तो आत अडकला का?”

“नाही. सगळ्यांबरोबर बाहेर आला होता. दारापर्यंत आला, आणि परत आत गेला. मॅडम, तुम्ही आत जाऊन बघून या. तोंडाला फडकं बांधा.”

मी रुमाल भिजवून बांधला आणि गेले. पांढरं यंत्र गप्प उभं होतं. त्याच्यात दोष काहीच नव्हता. पंखा थांबला, पंप थांबला, आणि वाफेला पुढं वाट न उरल्यामुळं ती भांड्याच्या झाकणातून शेडमध्ये परतली होती. मी भिंतीपाशी गेले. निळं चाक शेवटपर्यंत फिरवलेलं होतं, पुढं तसूभर हलणार नाही इतकं. झेंडूची माळ तुटून खाली पडली होती.

आतून बघितलं तर तिथं काही बदललं होतं असं कुणालाही वाटलं नसतं. पाइप बाहेरच्या बाजूला कापलेला होता. चाक, दांडा, भिंत, सगळं अकरा वर्षं होतं तसंच होतं. वीज गेल्यावर हातानं जे करायचं ते शिवरामच्या हातानं केलं. डोक्याला आठवलं असेल, नसेल. नंतर एका कामगारानं सांगितलं की त्याला ओढायला दोघं आत गेले तेव्हा तो दोन्ही हातांनी चाक धरून उभा होता आणि वर बघत होता. पाण्याचा आवाज येतो का, ते ऐकत होता.

‘राहू दे,’ असं मी म्हटलं होतं. चाक काढायला परकारला पाच मिनिटं लागली असती.

शिवराम वाचला. म्हणजे त्या वेळी वाचला. सात आठवडे तो दवाखान्यात होता. छाती निम्मी गेली आणि आवाज पूर्ण गेला. ॲसिडच्या वाफेनं घसा आतून भाजला की तो पुन्हा धरत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ओठ हलायचे, श्वास शब्दांसारखा बाहेर यायचा, आणि कान अगदी तोंडाशी नेला तर काय म्हणतो ते कळायचं.

एप्रिलमध्ये चौकशी झाली. मुंबईहून चौकशी अधिकारी म्हणून रेगे साहेब आले. सरकारी विश्रामगृहाच्या जेवणाच्या खोलीत लांब टेबल मांडलं होतं. एका टोकाला रेगे, त्यांच्या शेजारी लघुलेखक, आणि मधल्या बाजूला खात्याची फाइल घेऊन मी. साक्षीदार एकेक करून आत येत. डोक्यावर एक जुना पंखा होता, तो फिरताना खडखड करायचा, आणि बंद केला तर घामाच्या धारा लागायच्या. प्रश्न एकच होता: वीज जाईल हे माहीत असून दुसरी सोय का केली नाही, आणि ती कुणी करायला हवी होती?

मास्तर आले. त्यांनी खिशातून तोच घडी घातलेला कागद काढला. “हा अर्ज मी डिसेंबरात दिला होता. मॅडमनी वाचला आणि परत दिला.”

रेग्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “यावर आवक क्रमांक नाही. पोच आहे?”

“नाही.”

“मग हा तुम्ही काल रात्रीसुद्धा लिहिला असेल.”

मास्तर माझ्याकडे वळले. रागानं नाही. फळ्याशी उभ्या केलेल्या मुलाला उत्तर येतं हे ठाऊक असलेला मास्तर जसा थांबतो, तसे ते थांबले.

“मॅडम,” रेग्यांनी विचारलं, “असा अर्ज आला होता?”

“आवक नोंदवहीत नोंद नाही, सर,” मी म्हणाले.

हे वाक्य खरं होतं. मी ते आदल्या दिवशीच तयार करून ठेवलं होतं.

“हा अर्ज दिला तेव्हा कुणी हजर होतं?” रेग्यांनी मास्तरांना विचारलं.

“शिवराम होता. त्यानंच तो आणून दिला. त्याला विचारा.” एवढं बोलून मास्तर बाहेर गेले.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकते. ठपका मास्तरांवर आला: वीज गेल्यास वापरायची पर्यायी व्यवस्था न ठेवल्याबद्दल. होय, ‘पर्यायी’ हाच शब्द होता. माझ्याबद्दल अहवालात लिहिलं की क्षेत्र अधिकाऱ्यांनी यादीप्रमाणे यंत्रणा बसवून घेतली, त्यांच्याकडून कसूर नाही. खटला नऊ वर्षं चालला. कारखाना पहिल्याच वर्षी बंद पडला, आणि ती अकरा माणसं कुठं कुठं पांगली. मास्तरांना दोन वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली, पण तोवर मास्तर बिछान्याला खिळले होते. शिवराम चौकशीनंतर तीन वर्षांनी गेला. यादीत पुढं एक ओळ वाढली, की पंप आणि पंख्यासाठी जनरेटर बंधनकारक. वरातीमागून घोडं. ती ओळ मीच सुचवली होती, आणि त्याबद्दल माझं कौतुकही झालं. निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी माझ्या प्रामाणिकपणावर बोललं. मी हार घालून घेतला.

शिवरामची साक्ष शेवटची होती. ती सांगायची मी इतकी वर्षं टाळत आले.

तो बायकोचा हात धरून आला. ती दाराशी थांबली. उन्हाळ्यात त्याच्या गळ्याला मफलर होता. सात आठवड्यांत तो अर्धा झाला होता. मला बघून त्यानं नेहमीसारखे हात जोडले.

“तुम्ही दारापर्यंत आला होता, मग परत आत का गेलात?” रेग्यांनी विचारलं.

शिवरामचे ओठ हलले. पंख्याच्या खडखडीत काहीच ऐकू आलं नाही. लघुलेखकानं पेन्सिल उचलून धरली आणि रेग्यांकडे पाहिलं.

“घसा बसलाय त्यांचा,” मी म्हणाले.

“मॅडम, तुम्ही जवळ आहात. ते काय म्हणतात ते तुम्हीच मोठ्यानं सांगा. नोंद करून घेऊ.”

मी खुर्ची सरकवली आणि कान त्याच्या तोंडाशी नेला. त्याच्या श्वासाला अजून औषधाचा वास येत होता.

“लाईट ग्येली की चाक फिरवायचां,” तो म्हणाला.

“ते म्हणतात, वीज गेली की चाक फिरवायचं असा त्यांचा रिवाज होता,” मी मोठ्यानं सांगितलं. पेन्सिल चालली.

“आता हे विचारा,” रेगे म्हणाले. “मालकानं डिसेंबरात काही अर्ज दिला होता का? यांना त्याबद्दल काही माहीत आहे का?”

मी प्रश्न पुन्हा विचारला नाही. शिवरामला तो ऐकू गेला होता. त्याचा आवाज गेला होता, कान चांगले होते. तो माझ्याकडे वळला, आणि एकेका शब्दाला श्वास घेत सांगू लागला.

“मास्तरानी कागद दिलानी व्हता. मीच टेबलावरना आनून दिला. तुमच्या हातात. तुमी वाचलात. दोनदा वाचलात. आनी परत दिलात.” त्यानं दम घेतला. “मना आठवतां, म्याडम.”

त्यात तक्रार नव्हती. मी विसरले असेन असं त्याला वाटत होतं, आणि तो मला आठवण करून देत होता. त्याला वाटलं असेल, आता या मोठ्यानं सांगतील, आणि मास्तर सुटतील. सगळ्या खोलीत त्याला आवाज द्यायला मी एकटीच होते.

मी सरळ बसले. फाइल बंद होती तरी तिच्यावरून हात फिरवला.

“ते म्हणतात,” मी म्हणाले, “चाक फिरवलं, पण पाणी आलं नाही.”

रेग्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “एवढंच? बराच वेळ बोलत होते.”

“दम लागतो, सर. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणताहेत.”

“बरोबर आहे का, शिवराम? चाक फिरवलंत, पण पाणी आलं नाही?”

शिवराम माझ्याकडे बघत राहिला. त्यानं तोंड उघडलं. पंखा खडखडत होता. दाराशी त्याची बायको पदर तोंडाला लावून उभी होती. मी त्याच्या कपाळाकडे बघत होते, डोळ्यांकडे नाही. मग त्यानं तोंड मिटलं आणि हळूहळू मान डोलावली. पाणी आलं नव्हतं. ते खरंच होतं.

लघुलेखकानं जबाब टाइप करून आणला आणि त्याच्यापुढं ठेवला. शाईची डबीही ठेवली. शिवरामनं डबी बाजूला सारली, पेन मागून घेतलं, आणि मास्तरांनी शिकवली होती तशी, अक्षर न् अक्षर सुटं काढून, मोठी सही केली.